मृत्यूची नोंद आणि मृत्यूचं कारण: सही करण्याआधी काय तपासायचं, कोणत्या क्रमाने

मृत्यूच्या दाखल्यातली चूक दाखला छापताना क्वचितच होते. ती होते रुग्णालयाच्या काउंटरवर, रात्री-अपरात्री, जेव्हा घरातला सगळ्यात जास्त धावपळ करणारा भाचा किंवा जावई पुढे केलेल्या कागदावर सही करतो. कागद कशाचा होता, त्यात काय लिहिलं होतं, हे त्याला दुसऱ्या दिवशी आठवतही नाही. पुढे कुटुंब निवृत्तिवेतन अडतं, सातबाऱ्यावर वारस लागत नाहीत, विम्याचा दावा परत येतो, तेव्हा सगळे दाखल्यावर चिडतात. दाखला मात्र आधीच्या कागदाची नक्कल असतो. म्हणून तपासायचं ते आधीच्या कागदात.

इथे दिलेली प्रक्रिया महाराष्ट्रातली आहे. मूळ कायदा केंद्राचा आहे: जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९. त्यातली २०२३ची दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३पासून लागू झाली. त्यामुळे गोव्यात किंवा इंदूर-बडोद्यातही सांगाडा हाच, फक्त कार्यालयांची नावं आणि शुल्क वेगळं.

## सुरुवातीला: चार कागद वेगळे ओळखा

नमुना ४ किंवा ४अ. मृत्यूच्या कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र. रुग्णालयात मृत्यू झाला तर नमुना ४, घरी किंवा इतरत्र झाला तर ४अ. हे डॉक्टर भरतात. मृत्यूचं कारण अधिकृतपणे लिहिलं जातं ते इथे.

नमुना २. मृत्यूचा अहवाल, म्हणजे निबंधकाला (जन्म-मृत्यूची नोंद करणाऱ्या स्थानिक अधिकाऱ्याला) द्यायची माहिती. याचे दोन भाग असतात. कायदेशीर भागात नाव, तारीख, ठिकाण, पत्ता. सांख्यिकी भागात व्यवसाय, मृत्यूआधी कोणते उपचार मिळाले, तंबाखू-दारूची सवय वगैरे.

नमुना ६. आपण ज्याला मृत्यूचा दाखला म्हणतो तो. नमुना २च्या कायदेशीर भागावरून तयार होतो.

शवविच्छेदन अहवाल. फक्त पोलीस प्रकरणात. हा वेगळा कागद आहे, वरच्या तिन्हींची जागा घेत नाही.

सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. नमुना ६वर मृत्यूचं कारण नसतं. निबंधकाने दिलेल्या दाखल्यात कारण उघड करू नये, अशी कायद्याच्या कलम १७मध्ये तरतूदच आहे. तेव्हा "दाखल्यावर कारण लिहून द्या" म्हणून महापालिकेत भांडण्यात अर्थ नाही. ते कारण नमुना ४च्या प्रतीत मिळेल. तसंच, आजाराचं नाव कळलं तर लोक काय म्हणतील या भीतीने डॉक्टरांना खरं कारण लिहू नका म्हणून गळ घालण्याचंही कारण नाही. बँकेत, तलाठ्याकडे, सोसायटीत जो कागद फिरणार आहे, त्यावर ते छापलं जाणारच नाही.

## टप्पा १: घरातली तयारी

घरात कुणी गंभीर आजारी असेल तर हे आधी करून ठेवायला संकोच वाटतो. वाटू द्या, पण करा. पुढचे टप्पे यावरच उभे आहेत.

एका कागदावर, ठळक अक्षरात, मराठी आणि इंग्रजी दोन्हीत लिहा:

- पूर्ण नाव, आधार कार्डावर आहे तसंच. बँकेत, सातबाऱ्यावर किंवा पेन्शनच्या कागदात वेगळं नाव असेल तर तेही खाली लिहून ठेवा.
- वडिलांचं किंवा पतीचं नाव आणि आईचं नाव. ऐंशी वर्षांच्या आजोबांच्या आईचं नाव घरात पटकन कुणालाच आठवत नाही. मग अंदाजाने लिहिलं जातं, किंवा चुकून मयताच्या पत्नीचं नाव आईच्या रकान्यात जातं. दोन्ही चुका पुढे त्रास देतात.
- जन्मतारीख आणि पूर्ण झालेली वर्षं.
- मृत्यूच्या वेळी राहण्याचा पत्ता आणि कायमचा पत्ता. मुलाकडे पुण्यात राहायला आलेल्या आईचे हे दोन पत्ते वेगळे असतात आणि फॉर्ममध्ये दोन्हींना वेगवेगळी जागा असते.
- व्यवसाय. आयुष्यभर शेती केलेल्या माणसापुढे "काही नाही" लिहू नका.

सोबत आजाराची फाइल हवी: जुने डिस्चार्ज कार्ड, चालू औषधांची यादी, आजार कधीपासून आहे त्याची वर्षं. ही फाइल डॉक्टरांसाठी आहे. शेवटच्या रात्री ड्यूटीवर असलेल्या निवासी डॉक्टरांनी त्या रुग्णाला कदाचित दोन तासच पाहिलेलं असतं. बारा वर्षांच्या मधुमेहाची माहिती तुम्ही दिली नाही, तर ती कारणाच्या रकान्यात येणार कुठून?

तपासा: स्त्रीचं माहेरचं नाव, सासरचं नाव आणि आधारवरचं नाव एकच आहे का? नसेल तर कोणतं नाव नोंदवायचं ते घरच्यांनी आधी ठरवा. मालमत्ता आणि पेन्शन ज्या नावावर आहे ते नाव आधारशी जुळत असेल तर प्रश्नच नाही. जुळत नसेल तर आधारवरचं नाव द्या, आणि दुसऱ्या नावासाठी नोंदीत "ऊर्फ" घालता येईल का हे निबंधकाला नोंद होण्याआधी विचारा, नंतर नाही.

## टप्पा २: नोंद कोणत्या हद्दीत होणार ते ठरवा

नोंद मृत्यू जिथे घडला त्या हद्दीत होते. मयत कुठला होता, अंत्यसंस्कार कुठे झाले, याचा संबंध नाही. साताऱ्याच्या माणसाचा मृत्यू पुण्यातल्या रुग्णालयात झाला, देह गावी नेला, दहन गावच्या स्मशानात झालं, तरी नोंद पुण्यातच.

इथे एक चूक वारंवार होते. गावी परतल्यावर कुणीतरी सुचवतं, "इथेच ग्रामपंचायतीत घालून टाकू, पुण्याला कोण जाणार?" मग घरी मृत्यू झाल्याचं सांगून गावातही नोंद होते. रुग्णालयाने आपली नोंद पाठवलेली असतेच. आता एकाच माणसाच्या दोन नोंदी, दोन ठिकाणं, कधी दोन तारखा. विमा कंपनी किंवा न्यायालय हे पाहतं तेव्हा खऱ्या नोंदीवरही संशय घेतं. खोटी माहिती देणं हा गुन्हा आहे, ते वेगळंच.

वाटेत, गाडीत प्राण गेला तर प्रवासातली गाडी जिथे पहिल्यांदा थांबली ते ठिकाण धरतात. रुग्णालयात "मृतावस्थेत आणले" अशी नोंद झाली तर ते रुग्णालय कारणाचं प्रमाणपत्र देण्याची शक्यता कमी असते, कारण त्यांनी त्या माणसावर उपचार केलेलेच नसतात. त्यावरून तिथल्या डॉक्टरांशी वाद घालू नका. ज्यांचे उपचार चालू होते त्या डॉक्टरांना फोन करा आणि टप्पा ४ वाचा.

परदेशात मृत्यू झाला असेल तर इथला ग्रामसेवक किंवा महापालिका ती नोंद करू शकत नाही. त्या देशाचा दाखला आणि तिथल्या भारतीय दूतावासातली नोंद, हेच कागद चालतात.

## टप्पा ३: कारणाचं प्रमाणपत्र, म्हणजे नमुना ४

या टप्प्यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा.

नमुना ४ची मांडणी जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय नमुन्यावर आधारलेली आहे. भाग १मध्ये एकाखाली एक अशा तीन ओळी असतात. अ ओळीत थेट मृत्यू घडवणारा आजार, इजा किंवा गुंतागुंत. ब ओळीत ती गुंतागुंत ज्यामुळे झाली ते. क ओळीत या सगळ्याची सुरुवात जिथून झाली तो मूळ आजार. भाग २मध्ये मृत्यूला हातभार लावणारे, पण या साखळीत न बसणारे आजार. प्रत्येक ओळीपुढे तो त्रास सुरू झाल्यापासून मृत्यूपर्यंत किती काळ गेला ते लिहायचं असतं.

उदाहरण घेऊ. बऱ्याच वर्षांच्या मधुमेहाने पाय सडला, जंतुसंसर्ग रक्तात पसरला आणि मृत्यू झाला:

- अ: सेप्टिक शॉक, १ दिवस
- ब: पायाचं गँगरीन, ३ आठवडे
- क: टाइप २ मधुमेह, १२ वर्षं
- भाग २: किडनीचा जुनाट आजार

वरून खाली वाचताना प्रत्येक ओळीनंतर "हे कशामुळे?" असं विचारा. खालच्या ओळीत उत्तर मिळालं पाहिजे, आणि कालावधी खाली जाताना वाढला पाहिजे. ही कसोटी वैद्यकीय शिक्षण नसलेल्या माणसालाही लावता येते. वरच्या ओळीत १२ वर्षं आणि खालच्या ओळीत १ दिवस दिसला, तर साखळी उलटी लिहिली गेली आहे. शासनाच्या आकडेवारीत मूळ कारण धरलं जातं. साखळी उलटली की मधुमेहाने गेलेला माणूस भलत्याच कारणात मोजला जातो.

आता नेहमीच्या चुका.

"हृदयक्रिया बंद पडून मृत्यू." सगळ्यात जास्त दिसणारी आणि सगळ्यात निरुपयोगी नोंद. मरताना प्रत्येकाचं हृदय आणि श्वास थांबतो. ते कशामुळे थांबलं हे लिहायचं असतं. मृत्यूची पद्धत लिहू नका, आजार, इजा किंवा गुंतागुंत लिहा, अशी सूचना फॉर्मवर छापलेलीच असते. डॉक्टरांना एवढंच विचारा: "साहेब, हृदय कशामुळे बंद पडलं ते लिहिता येईल का?" नम्रपणे विचारलेल्या या प्रश्नाने बऱ्याचदा पुढची ओळ भरली जाते.

"वार्धक्य." वय हे कारण नव्हे. ऐंशीव्या वर्षी न्यूमोनिया झाला असेल तर न्यूमोनिया लिहा, खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळल्यावर झाला असेल तर तेही, आणि हाड पडल्यामुळे मोडलं असेल तर तेही.

संक्षेप. दोन-तीन इंग्रजी अक्षरांत आटोपलेलं निदान. त्याच अक्षरांचे दोन अर्थ निघतात आणि नोंद संगणकात चढवणारा त्याला जो माहीत असेल तो घेतो. पूर्ण शब्द हवेत.

अपुरा कर्करोग. नुसतं "कर्करोग" पुरत नाही. मूळ गाठ कुठे होती ते हवं. यकृतात पसरलेला स्तनाचा कर्करोग "यकृताचा कर्करोग" म्हणून जाणं ही नेहमीची चूक.

अपघातात बाहेरचं कारण गायब. "डोक्याला मार" लिहिलं, पण दुचाकी घसरली, ट्रकने उडवलं की गच्चीवरून पडले, ते नाही. मृत्यू नैसर्गिक, अपघाती, आत्महत्या, खून की तपास प्रलंबित, यासाठी फॉर्ममध्ये स्वतंत्र रकाना आहे. तो कोरा राहू देऊ नका.

स्त्रीचा मृत्यू आणि गरोदरपण. मृत्यू गरोदरपणाशी किंवा बाळंतपणाशी संबंधित होता का, हा प्रश्न फॉर्ममध्ये आहे. बाळंतपणानंतर काही दिवसांनी, दुसऱ्याच रुग्णालयात मृत्यू झाला की हा रकाना नजरेतून सुटतो. घरच्यांनी स्वतःहून सांगा. मातामृत्यूची चौकशी व्हायला हवी असते, आणि ती सुरू होते याच नोंदीवरून.

नवजात बाळ. बाळाने जन्मल्यावर एकदा जरी श्वास घेतला असेल तर ते जिवंत जन्मलेलं आहे. मग जन्म आणि मृत्यू, दोन्ही नोंदी करायच्या. मृत जन्मासाठी नमुना ३ वेगळा आहे. खचलेल्या घराला हे विचारणं कठीण जातं, आणि घाईत नमुना ३ भरून विषय मिटवला जातो. त्या बाळाचं काही क्षणांचं का होईना, जगणं नोंदवलं गेलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

तपासा, सहीआधी: अ-ब-क साखळी सरळ आहे का, कालावधी भरले आहेत का, मृत्यूचा प्रकार भरला आहे का, तारीख आणि वेळ बरोबर आहे का. मग नमुना ४ची प्रत मागा. २०२३च्या दुरुस्तीनंतर हे प्रमाणपत्र विनाशुल्क द्यायचं आहे आणि त्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यायची आहे. प्रत नको म्हणून घरी येऊ नका. निदान फोनवर फोटो तरी घ्या.

### घरी मृत्यू झाल्यास

शेवटच्या आजारात ज्यांचे उपचार चालू होते त्या डॉक्टरांनी देह पाहून ४अ द्यायचा. फॅमिली डॉक्टरांना माझी कळकळीची विनंती: फोनवर ऐकून, किंवा शेजारी ओळखीचे आहेत म्हणून सही करू नका. रुग्ण तुमच्या उपचाराखाली नव्हता, किंवा अंगावर खूण, विषाचा वास, अचानक तरुण वयात मृत्यू असं काही असेल, तर प्रमाणपत्र न देता पोलिसांना कळवायला सांगणं हेच त्या कुटुंबाच्या हिताचं आहे, त्या क्षणी त्यांना कितीही राग आला तरी.

गावात डॉक्टरच नसेल तर वैद्यकीय प्रमाणपत्राशिवायही मृत्यूची नोंद होते. तेव्हा घरचे जे सांगतील ते कारण म्हणून लिहिलं जातं. २०२०च्या देशपातळीवरच्या अहवालात नोंदवलेल्या मृत्यूंपैकी साधारण २२ टक्के मृत्यूंचंच कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित होतं. बाकीच्यांमध्ये तुमच्या सांगण्याला वजन आहे. "ताप आला आणि गेले" यापेक्षा "आठ दिवस ताप, कावीळ, लघवी बंद" हे सांगणं खूप उपयोगाचं. दवाखान्याची एखादी चिठ्ठी असली तर ग्रामसेवकाला दाखवा.

## टप्पा ४: पोलीस, पंचनामा, शवविच्छेदन

अपघात, आत्महत्या, विषबाधा, भाजणं, बुडणं, वीज पडणं, शॉक लागणं, सर्पदंश, संशयास्पद किंवा अचानक मृत्यू: यात पोलिसांना कळवायचं. पोलीस आकस्मिक मृत्यूची नोंद घेतात, मरणोत्तर पंचनामा होतो, देह शवविच्छेदनाला जातो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९४ याबद्दल आहे. पूर्वी हेच फौजदारी प्रक्रिया संहितेचं १७४ होतं.

"देहाची चिरफाड नको" ही भावना मी समजू शकतो. पण सर्पदंशाचं उदाहरण पाहा. शेतातल्या खोपीत जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावते. तिच्या दंशाची खूण कधी दिसतही नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, श्वास अडतो, आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपतं. घरचे शवविच्छेदन नाकारतात आणि कागदावर "हृदयविकार" येतो. पुढे गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अर्ज करायला गेल्यावर कळतं, की अपघाती मृत्यूला २ लाख रुपये आहेत, नैसर्गिक मृत्यूला नाहीत, आणि सर्पदंश सिद्ध करणारा एकही कागद हातात नाही. दहन झाल्यावर ही चूक दुरुस्त करायचा मार्ग उरत नाही.

असं असावं ते प्रमाणपत्र: अ ओळीत श्वसनाच्या स्नायूंचा पक्षाघात, २ तास, ब ओळीत मण्यारीचा दंश, ८ तास, प्रकार अपघाती, कसा झाला, तर रात्री शेतात झोपेत असताना.

शवविच्छेदनानंतर कधी "कारण राखून ठेवले आहे, व्हिसेरा तपासणीसाठी पाठवला" असं लिहून मिळतं. व्हिसेरा म्हणजे देहातल्या अवयवांचे तपासणीसाठी काढलेले नमुने. अंतिम मत न्यायवैद्यक प्रयोगशाळेच्या अहवालानंतर येतं, आणि त्याला महिने लागू शकतात.

इशारा: व्हिसेराच्या अहवालाची वाट पाहत मृत्यूची नोंद थांबवू नका. नोंद आधी करा, कारण "प्रलंबित" राहू द्या. दाखल्यावर कारण नसतंच, त्यामुळे दाखला अडत नाही.

जपून ठेवा: आकस्मिक मृत्यूचा क्रमांक, पोलीस ठाण्याचं नाव, पंचनाम्याची प्रत, शवविच्छेदन क्रमांक. अंतिम मत आल्यावर ते निबंधकाच्या नोंदीपर्यंत आपोआप पोहोचेल असं धरू नका. प्रत घेऊन स्वतः अर्ज द्या.

## टप्पा ५: नमुना २ भरताना

रुग्णालयात मृत्यू झाला तर निबंधकाला कळवण्याची जबाबदारी रुग्णालयाच्या प्रमुखाची. घरी झाला तर कुटुंबप्रमुखाची, तो नसेल तर घरातल्या प्रौढ जवळच्या नातेवाइकाची. रुग्णालय फॉर्म भरतं, पण माहिती तुमचीच असते. तेव्हा टप्पा १मधला कागद पुढे करा आणि त्यावरून अक्षर न् अक्षर लावून घ्या.

तारखेबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण इथली चूक सगळ्यात महाग पडते. मंगळवारी रात्री बारा वाजून वीस मिनिटांनी प्राण गेला, तर आपण सगळे "मंगळवारी रात्री गेले" म्हणतो. कागदावर ती बुधवारची तारीख आहे. त्यात आपल्याकडे दिवस आणि तिथी सूर्योदयापासून धरतात, त्यामुळे पहाटे चारचा मृत्यूही घरातल्या मोठ्यांच्या तोंडी आदल्या दिवशीचा असतो. श्राद्धाची तिथी गुरुजींना विचारून ठेवा. नोंदीत मात्र मध्यरात्रीनंतर तारीख बदलते. नमुना ४वरची आणि नमुना २वरची तारीख एकच आहे ना, हे दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहा. एकाच अपघातात नवरा-बायको दोघं गेले असतील तर वेळही तितकीच महत्त्वाची. कोण आधी गेलं यावर वारसा कुणाकडे जातो हे ठरू शकतं.

नावात आडनाव आधी की शेवटी, इंग्रजी स्पेलिंग आधारप्रमाणे आहे का, "बाई", "राव", "ताई" ही पुस्ती आधारवर आहे का, ते बघा. तंबाखू आणि दारूच्या प्रश्नांना खरी उत्तरं द्या. तो भाग सांख्यिकीसाठी आहे, दाखल्यावर येत नाही.

सही करणारा माहितगार म्हणून नोंदला जातो. शक्यतो जवळच्या वारसाने सही करावी. पुढच्या दुरुस्तीला त्यालाच बोलावतील.

## टप्पा ६: मुदत

२१ दिवसांत कळवलं तर नोंद विनाशुल्क. तेराव्यानंतरही आठवडाभर हातात असतो, पण तेवढ्यावर विसंबू नका.

- २१ ते ३० दिवस: विलंब शुल्क.
- ३० दिवसांनंतर, वर्षाच्या आत: जिल्हा निबंधक किंवा नेमलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी, शुल्क आणि स्वसाक्षांकित कागद.
- वर्षानंतर: जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांचा पडताळणीनंतरचा आदेश.

वर्ष उलटलेल्या नोंदींची छाननी महाराष्ट्रात २०२५पासून बरीच कडक झाली आहे. नोंद नसल्याचा दाखला म्हणजे नमुना १०, अंत्यसंस्काराची पावती, रुग्णालयाचे कागद, पोलिसांचं मत, जाहीर सूचना असं सगळं लागू शकतं. म्हणून स्मशानभूमीची पावती कधीही फेकू नका. मृत्यू कधी झाला याचा तो स्वतंत्र पुरावा असतो.

## टप्पा ७: दाखला हातात आल्यावर, काउंटर सोडण्याआधी

नोंद झाल्यावर सात दिवसांच्या आत माहितगाराला पहिला दाखला मोफत मिळायला हवा. तो घडी करून पिशवीत टाकण्याआधी हे वाचा: नाव दोन्ही लिप्यांत, लिंग, मृत्यूची तारीख, मृत्यूचं ठिकाण, आईचं नाव, वडील किंवा पतीचं नाव, दोन्ही पत्ते, नोंदणी क्रमांक, नोंदणीची तारीख. मृत्यूची तारीख आणि नोंदणीची तारीख अदलाबदल झालेली असते कधी कधी, आणि ती चटकन लक्षात येत नाही.

चूक दिसली तर तो दाखला कुठेही वापरू नका. चुकीच्या दाखल्यावर बँकेत खातं बंद केलं, मग दुरुस्त दाखल्यावर फेरफाराचा अर्ज दिला, की दोन कार्यालयांत दोन वेगळे दाखले जमा होतात आणि तिसरं कार्यालय दोघांवर शंका घेतं.

## टप्पा ८: चूक झालीच असेल तर

कलम १५नुसार निबंधक चूक दुरुस्त करू शकतो. मूळ नोंद खोडली जात नाही. समासात दुरुस्ती लिहून निबंधक तारखेसह सही करतो. चूक कोणत्या प्रकारची आहे, त्यावर मार्ग अवलंबून आहे.

लिहिण्यातली चूक (स्पेलिंग, आकडा, पत्ता): अर्ज, मूळ दाखला, आधार किंवा इतर शासकीय ओळखपत्र. नोंद रुग्णालयाने पाठवली असेल तर आधी रुग्णालयाकडून त्यांच्या लेटरहेडवर सही-शिक्क्याचं दुरुस्तीपत्र घ्या. हा क्रम उलटा केलात तर महापालिका तुम्हाला रुग्णालयात परत पाठवणार, हे नक्की समजा.

मजकुरातली चूक (तारीख, नातं, वेगळंच नाव): वरचं सगळं, शिवाय चूक काय आणि खरं काय हे सांगणारं, वस्तुस्थिती माहीत असलेल्या दोन विश्वासार्ह व्यक्तींचं निवेदन.

दुबार किंवा खोटी नोंद: ती रद्द करण्याचा अर्ज. कोणती नोंद खरी याचा पुरावा म्हणून रुग्णालयाचे कागद जोडा.

कारणातली चूक: निबंधक स्वतःच्या मनाने कारण बदलू शकत नाही. ते बदलायचं तर प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांकडे किंवा रुग्णालयाच्या अभिलेख विभागाकडे लेखी अर्ज द्या. सोबत तपासण्यांचे अहवाल, केसपेपर, शवविच्छेदनाचं अंतिम मत जोडा आणि सुधारित नमुना ४ निबंधकाकडे पाठवण्याची विनंती करा. "कारण बदला" एवढंच लिहू नका. कोणत्या अहवालाच्या आधारे काय लिहायला हवं होतं ते लिहा. कोविडमध्ये असंख्य कुटुंबांच्या कागदावर नुसतं "न्यूमोनिया" आलं होतं. सर्वोच्च न्यायालयाच्या ३० जून २०२१च्या निकालानंतर केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या आणि अशा तक्रारींसाठी जिल्हा पातळीवर समित्या नेमल्या गेल्या. ५० हजारांचं सानुग्रह साहाय्य मिळवताना तिथेही पारडं जड ठरलं ते तपासणीचा अहवाल जपून ठेवलेल्या घरांचं.

विम्यासाठी आजाराऐवजी किंवा आत्महत्येऐवजी अपघात लिहून घेण्याचा प्रयत्न कुणी सुचवेल. करू नका. पंचनामा, केसपेपर आणि नमुना ४ या तिन्हींत विसंगती सापडली की खरा दावाही अडकतो, आणि सही करणारा डॉक्टर तुमच्यासोबत अडचणीत येतो.

निबंधकाने अर्ज नाकारला तर नकार लेखी मागा. तो आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत जिल्हा निबंधकाकडे अपील करता येतं, जिल्हा निबंधकाच्या आदेशाविरुद्ध मुख्य निबंधकाकडे. अपिलाचा निर्णय ९० दिवसांत व्हायचा आहे. अपिलाला अर्जाची पोचपावती, नकाराचा आदेश, नमुना ४ची प्रत आणि चुकीचा मूळ दाखला जोडा. मूळ दाखला जमा करण्याआधी त्याच्या दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढून स्वतःकडे ठेवा.